तसबिरीचा घोटाळा, चिठ्ठीचा घोटाळा

नागपूरच्या धरमपेठेतल्या एखाद्या घरी नवऱ्यानं बायकोला "फोन कोणाचा होता?" असं दुसऱ्यांदा विचारलं, की आतल्या खोलीतून सासूबाई हमखास म्हणतात, "झाला याचा फाल्गुनराव!" गोविंद बल्लाळ देवलांचा हा संशयी नवरा रंगभूमीवरून उतरून असा घराघरांत जाऊन बसला आहे.

देवलांनी १८९३ साली 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक लिहिलं. पुढे त्यात पदं घालून त्याचं 'संगीत संशयकल्लोळ' झालं. गंधर्व नाटक मंडळीनं ते १९१६ साली रंगमंचावर आणलं, तेव्हा देवल हयात नव्हते. त्याच वर्षी ते वारले होते. बालगंधर्व रेवती झाले आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव. मूळ कथा परदेशी. मोलियेरचं १६६० चं फ्रेंच नाटक, त्यावरून आर्थर मर्फीनं १७६१ साली केलेलं इंग्रजी, आणि तिथून देवलांचं मराठी. पण फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या, कृत्तिका, रेवती, मघा नायकीण अशी महिन्या-नक्षत्रांची नावं दिल्यावर सगळं पंचांग आपलंच झालं!

आता घोटाळा पाहा. आपला प्रियकर अश्विनशेठ याची तसबीर घेऊन निघालेल्या रेवतीला रस्त्यात भोवळ येते. फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमकं तेवढंच त्याच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या नजरेस पडतं. ती तरातरा येते, तोवर रस्ता मोकळा. पडलेली असते ती फक्त तसबीर. ती उचलून कृत्तिका त्या देखण्या चेहऱ्याचं कौतुक करते, आणि परतलेला फाल्गुनराव ते मागून बघतो. दोघांनीही जे पाहिलं ते खरंच घडलेलं. खोटं कोणीच बोललेलं नाही. तरी संसार पेटतो, कारण सरळ विचारायचं सोडून दोघंही पुरावे गोळा करत सुटतात.

नागपूरला बंगाली माणसांचं अप्रूप नाही. बंगाल-नागपूर रेल्वे इथवर यायची, आणि १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस. या बंगाली मंडळींकडेही एक फाल्गुनरावी गोष्ट आहे. निर्मल डे यांचा १९५३ चा चित्रपट 'शाडे चुआत्तर', म्हणजे साडेचौऱ्याहत्तर. परक्यानं फोडू नये अशा पत्रावर हा आकडा घालायची तिकडे जुनी रीत. कलकत्त्याच्या एका पुरुषांच्या मेसमध्ये रमोला नावाच्या तरुणीचं कुटुंब राहायला येतं, आणि मेसमधल्या रामप्रीती नावाच्या तरुणाशी तिचं सूत जुळतं. चिठ्ठ्यांची ने-आण मेसचा गडी करतो. एक चिठ्ठी जाऊन पडते मालक रजनीबाबूंच्या खिशात, आणि तिथून त्यांच्या बायकोच्या हाती! पिकल्या वयातल्या नवऱ्याला कुणी तरुणी प्रेमपत्र लिहिते म्हटल्यावर ती बिचारी तोडग्यांच्या मागे लागते.

उत्तमकुमार आणि सुचित्रा सेन ही जोडी पडद्यावर प्रथम आली ती याच चित्रपटात. पण त्यात खरी मजा आणली तुलसी चक्रवर्ती आणि मलिना देवी यांनी, म्हणजे रजनीबाबू आणि त्यांच्या बायकोनं. याच तुलसीबाबूंना पुढे सत्यजित राय यांनी १९५८ च्या 'परश पाथर'मध्ये नायक केलं.

दोन्हीकडे रचना एकच. तसबीर काय, चिठ्ठी काय, ती तरुण प्रेमिकांची. पण हसू पिकतं ते ती मुरलेल्या जोडप्याच्या हाती पडल्यावर. तरुणांचा रुसवा दोन पदांत निघतो. वर्षानुवर्षं एका छपराखाली राहिलेल्यांना मात्र एकमेकांच्या सगळ्या खोडी पाठ असतात, म्हणून कुठलाही पुरावा चपखल बसतो. बोडसांच्या फाल्गुनरावाची कीर्ती झाली ती या जोरावरच.

अश्विनशेठ नाटकाचा नायक खरा, पण त्याच्या नावानं धरमपेठेत कुणी कुणाला चिडवत नाही.