अरब, आपण आणि 'परके'



विषय कळल्यावर काहींनी आम्हाला विचारले, की अरबांच्या राजकारणाशी आपल्या मंडळाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो जुना आहे. येमेनमधील हद्रमौत प्रांताचे अरब शिपाई निजामाकडे होते, तसेच ते पेशव्यांकडे आणि नागपूरकर भोसल्यांकडेही होते. १८१८ साली मालेगावचा किल्ला इंग्रजांविरुद्ध लढवला तो अरबांनीच. पुढे त्यांतले कित्येक हैदराबादेस आले. बारकस वस्तीचे नाव त्यांच्या बराकींवरून पडले. मराठवाड्यात त्यांनाच आपण चाऊस म्हणतो.

धर्म एक, पंथ एक, म्हणून अरबांचे राजकारणही एकच, अशी आपली समजूत असते. हैदराबादचे संशोधक कै. उमर खालिदी आणि नॉर्वेचे लेइफ मांगेर यांचे लेखन वाचल्यावर ती टिकत नाही. निजामाच्या चाकरीत कुऐती, कथीरी आणि औलकी या घराण्यांचे बडे जमादार होते. तिघेही शाफई सुन्नी. तरी इथे कमावलेला पैसा त्यांनी मायदेशी एकमेकांविरुद्ध लढण्यात ओतला. कुऐतींनी १८६७ साली शिहर बंदर घेतले. त्यांची सल्तनत १९६७ पर्यंत टिकली. म्हणजे घराणे, पैसा आणि सत्ता यांपुढे समान धर्म आडवा आला नाही.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मात्र सरकारदरबारी या सर्वांवर 'परके' हा एकच शिक्का बसला. इतिहासकार टेलर शर्मन यांनी सरकारी कागदपत्रांवरून हे मांडले आहे. अनेकांना स्थानबद्ध केले, हद्दपारीचे प्रयत्न झाले. त्यांतल्या कित्येकांच्या आया-आज्या इथल्याच होत्या.

रझाकारांच्या काळात आपल्या घराण्यांनी सोसले ते खरे आहे. त्या अत्याचारांत काही अरबही होते. त्याआधी अरब सावकारांचा जाच एवढा वाढला होता, की पहिल्या सालारजंगांना त्यांना आवर घालावा लागला. यातले काहीच झाकायचे नाही. पण अपराधाचा जाब ज्याने केला त्याला विचारावा, साऱ्या जमातीला नव्हे.

आपण तरी वेगळे कुठे आहोत? मुलकी-गैरमुलकीचा वाद आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण इथेच राहिलो. आजही 'मूळचे कुठले?' हा प्रश्न आपल्याला चुकत नाही.

म्हणून एक विनंती. ज्यांच्या घरी मोडी, उर्दू वा फारसी कागद, कर्जरोखे, जहागिरीचे हिशेब पडून असतील, त्यांनी ते वाळवीच्या हवाली न करता मंडळास कळवावे. संशोधकांना सरकारी दफ्तर मिळते. शेजारी राहिलेल्यांचे कागद मात्र आपल्याच पेट्यांत आहेत.