पासष्टीनंतरची जन्मठेप



गोसीखुर्दच्या या संमेलनाचं अध्यक्षपद मला दिलंत, याबद्दल मनापासून आभार. अध्यक्षाने मराठी भाषेच्या भवितव्याची चिंता वाहावी, असा रिवाज आहे. तो भार आज मी दुसऱ्या वक्त्यांवर सोपवतो. मला बोलायचं आहे ते तुरुंगात म्हातारी झालेल्या माणसांविषयी.

मराठी साहित्यावर तुरुंगाचे उपकार मोठे आहेत. ‘गीतारहस्य’ मंडालेत लिहिलं गेलं. विनोबांची गीता प्रवचनं 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. ‘श्यामची आई’ 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहून झाली. पण ही सगळी माणसं राजबंदी होती, बहुतेक ऐन उमेदीत होती आणि बाहेर आल्यावर त्यांच्या गळ्यात हार पडले. वयस्क कैदी म्हणून आपल्याला आठवतात ते एकटे टिळक. शिक्षा झाली तेव्हा जवळजवळ बावन्न वर्षांचे, सुटले तेव्हा अठ्ठावन्नाच्या उंबरठ्यावर. अंगात मधुमेह. 1912 साली सत्यभामाबाई गेल्या, ती बातमी त्यांना मंडालेतच कळली. लोकमान्यांच्या वाट्याला हे आलं म्हणून आपण हळहळतो. साध्या खुनाच्या गुन्ह्यात आत गेलेल्या, सत्तरी गाठलेल्या, तुमच्या-आमच्या तालुक्यातल्या माणसासाठी आपल्या साहित्यात एक पानही सापडत नाही.

त्याचा दिवस कसा जातो? पहाटे गिनतीला उठायचं, रांगेत उकिडवं बसायचं. गुडघे धरलेले असले तरी बसायचं. क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या बराकीत, फरशीवर अंथरलेल्या पट्टीवर झोपायचं. रात्री चारदा लघवीला उठायचं तर झोपलेल्यांना ओलांडत जायचं आणि शिव्या खायच्या. डॉक्टरने बाहेरच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं, तरी पोलीस गार्ड मिळेल तेव्हाच जायचं. दात पडलेल्या माणसाने तुरुंगाची चपाती डाळीत भिजवून गिळायची. आदिवासींच्या हक्कांसाठी झटणारे फादर स्टॅन स्वामी 2020 च्या ऑक्टोबरात तळोजा तुरुंगात गेले तेव्हा ऐंशी ओलांडलेले होते. पार्किन्सनने हात थरथरत, पेला तोंडापर्यंत पोहोचत नसे. पाणी पिण्यासाठी नळी आणि झाकणाचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला आणि त्यावर तारखा पडल्या. 5 जुलै 2021 रोजी मुंबईच्या रुग्णालयात ते वारले, तेव्हा ते कच्चे कैदीच होते. त्यांच्यावरचा खटला उभाही राहिला नव्हता.

स्टॅन स्वामींविषयी कळवळा वाटणं सोपं आहे. नियमाची खरी परीक्षा नावडत्या माणसावर होते, म्हणून नागपूरचं उदाहरण घेतो. राज्य सरकारचं 10 जानेवारी 2006 चं एक परिपत्रक आहे. चौदा वर्षं प्रत्यक्ष कारावास भोगलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या आणि शरीराने थकलेल्या जन्मठेपेच्या कैद्यांना मुदतपूर्व सोडण्याची सोय त्यात आहे. नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांच्या 2007 मधील खुनाबद्दल 2012 साली जन्मठेप झालेल्या टोळीप्रमुख अरुण गवळीने नागपूर मध्यवर्ती कारागृहातून याच परिपत्रकावर बोट ठेवलं. सरकार म्हणालं, मोक्काच्या, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखालच्या, कैद्यांसाठी असलेली ही सवलत आम्ही 2015 साली काढून टाकली आहे. एप्रिल 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की शिक्षेच्या दिवशी जे धोरण होतं तेच लागू होईल. सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये त्याच न्यायालयाने त्याला जामीन दिला. तेव्हा तो शहात्तर वर्षांचा होता.

गवळी सुटला हे बरं की वाईट, या वादात मी पडत नाही. जामसंडेकरांच्या घरच्यांना काय वाटलं असेल, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. माझा प्रश्न निराळा आहे. ज्याच्यापाशी नामांकित वकील आहेत, त्याला या परिपत्रकासाठी दोन न्यायालयांचे उंबरठे झिजवावे लागले. मग ज्याला ते परिपत्रक आहे हेच माहीत नाही, त्याचं काय होत असेल?

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, अशी आपल्याकडे सर्रास समजूत आहे. ती खरी नाही. गांधीहत्येत जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांच्या खटल्यात 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. सोडायचं की नाही हे सरकारच्या हातात. त्यासाठी फाइल तयार व्हावी लागते. कारागृह अधीक्षकांचा शेरा, पोलिसांचा अहवाल, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत, मग गृहखातं. यातला एक कागद अडला की वर्ष जातं आणि सत्तरीतल्या माणसाकडे वर्षं थोडी असतात.

फाइल अडते म्हणजे काय होतं, हे गोसीखुर्दकरांना मी सांगायला नको. इथल्या वैनगंगेवरच्या धरणाची पायाभरणी एप्रिल 1988 मध्ये झाली, तेव्हा अंदाज 372 कोटींचा होता. तो आकडा कुठल्या कुठे गेला आणि मोबदल्यासाठी खेटे घालता घालता इथली एक पिढी म्हातारी झाली. याच पाण्याचा तुरुंगाशीही संबंध आहे. संचित रजा (फर्लो) किंवा अभिवचन रजा (पॅरोल) हवी असेल, तर कैद्याला गावचा पत्ता द्यावा लागतो, जामीनदार द्यावा लागतो आणि पोलीस त्या गावात जाऊन चौकशी करतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बुडित क्षेत्रातल्या गावातून जो आत गेला, त्याने कुठला पत्ता द्यायचा? गाव पाण्याखाली, भाऊबंद पांगलेले, बायको वारलेली. अशा माणसाला सुटकेचा हुकूम मिळाला तरी जायचं कुठे, हा प्रश्न उरतोच.

शिक्षाच नको, असं मी म्हणत नाही. ज्याचा माणूस मेला त्याचं दुःख कुठल्याही परिपत्रकाने मिटत नाही. पण शिक्षा ठरते ती गुन्ह्याच्या दिवशीचा माणूस समोर ठेवून. वीस वर्षांनी बराकीत जो उरतो, त्याच्याकडे पुन्हा एकदा पाहण्याची जबाबदारी कायद्याने सरकारवर टाकली आहे. 18 फेब्रुवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर सांगितलं की जिथे मुदतपूर्व सुटकेचं धोरण आहे तिथे कैद्याच्या अर्जाची वाट न पाहता सरकारने स्वतःहून विचार केला पाहिजे. आदेश झाला, आता अंमल हवा. आणि अंमल करायचा तर आधी माणसं मोजावी लागतात. देशाच्या तुरुंगांची दरवर्षी जी अधिकृत आकडेवारी निघते, तिच्यात वयाचा शेवटचा रकाना ‘पन्नास व त्यावरील’ हा आहे. पन्नाशीचा धडधाकट गडी आणि ऐंशीचा अंथरुणाला खिळलेला म्हातारा एकाच रकान्यात!

साहित्यिकांनी यात काय करावं? आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला औंध संस्थानात कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. त्या प्रयोगावरून गदिमांनी कथा रचली आणि 1957 साली शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. कैदी हा माणूस आहे, हे त्या एका चित्रपटाने देशाला सांगितलं. आज विदर्भातच मोर्शीला खुलं कारागृह आहे, भंडाऱ्याला जिल्हा कारागृह आहे, नागपूर तर दोन-अडीच तासांवर. परवानगी काढून तिथे जा. म्हाताऱ्या कैद्यांची पत्रं लिहून द्या, अर्ज लिहून द्या, त्यांचं सांगणं टिपून घ्या. साने गुरुजींनी धुळ्यात तेच केलं होतं.

या संमेलनाच्या ठरावांत आणखी एक ठराव घ्यावा, अशी माझी विनंती आहे. त्यात तीन मागण्या असाव्यात. साठ, सत्तर आणि ऐंशी ओलांडलेल्या कैद्यांची संख्या राज्य सरकारने दरवर्षी वेगळी जाहीर करावी. कैद्याला पासष्टावं लागण्यापूर्वी कारागृहाने त्याची फाइल स्वतःहून उघडावी आणि नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावं. ज्याला घर उरलेलं नाही, त्याच्या निवाऱ्याची सोय सुटकेच्या हुकमातच असावी.

संमेलनं येतात आणि जातात, ठराव कपाटात राहतात. हा ठराव कपाटात राहू देऊ नका. त्याची प्रत घेऊन आपल्यातल्या चारजणांनी येत्या महिन्यात मुंबईला गृहखात्यात जावं. त्या चारांत पहिलं नाव माझं लिहा.