टाकाऊ वस्तूंची शिल्पे आणि भाईंदरची खाडी



भाईंदर पूर्वेची जेसल पार्क चौपाटी वसईच्या खाडीला लागून आहे. ओहोटी लागली की तिवरांच्या श्वासमुळांत अडकलेल्या पिशव्या, खाऊची वेष्टने व तुटक्या चपला उघड्या पडतात. घरोघरचा कचरा मात्र येथे दिसत नाही. तो वर्षानुवर्षे उत्तनच्या धावगी डोंगरावर वाहून नेला जात आला आहे आणि त्याची दुर्गंधी उत्तनच्या ग्रामस्थांनी सोसली आहे. नजरेआड केलेले हे सामान पुन्हा नजरेसमोर आणणे, हे टाकाऊ वस्तूंच्या शिल्पाचे खरे कार्य होय.

या कलेचे देशातील ठळक उदाहरण चंदीगडचे. सार्वजनिक बांधकाम खात्यातील रस्ते-निरीक्षक नेकचंद यांनी १९५७ पासून फुटक्या बांगड्या, कपबशा व फरशांचे तुकडे वेचून सरकारी रानात गुपचूप मूर्ती उभारल्या. नव्या शहरासाठी पाडलेल्या गावांचा ढिगारा हीच त्यांची खाण होती. बांधकाम अर्थातच अनधिकृत होते. प्रशासनाला त्याचा पत्ता लागला तेव्हा ते पाडले जाण्याची वेळ आली; परंतु लोकमत नेकचंद यांच्या बाजूने उभे राहिले. १९७६ मध्ये ते ‘रॉक गार्डन’ जनतेसाठी खुले झाले, त्यांना वेतन आणि मदतीला पन्नास मजूर मिळाले, तर १९८४ मध्ये पद्मश्री. सरकारी यंत्रणेने नियमाला घातलेली ही मुरड योग्यच म्हटली पाहिजे.

दिल्लीत सराय काले खाँ येथे २०१९ मध्ये सुरू झालेल्या उद्यानात जगातील सात आश्चर्यांच्या प्रतिकृती सुमारे १५० टन भंगारातून साकारल्या आहेत. त्या प्रेक्षणीय आहेत यात शंका नाही. पण त्या महानगराचा एका दिवसाचा कचराच दहा हजार टनांच्या घरात जातो! शिवाय लोखंडाला भाव असतो. ते भट्टीत वितळून पुन्हा कामी येतेच. भाईंदर पूर्वेच्या कारखान्यांतील स्टेनलेस स्टीलची कात्रणेही कोणी रस्त्यावर टाकीत नाही.

म्हणून शिल्पासाठी निवडावे ते भंगारवाला तराजूत घेत नाही असे सामान. चकचकीत वेष्टनांत प्लॅस्टिक व ॲल्युमिनियमचे पापुद्रे एकमेकांना चिकटलेले असतात. ते सुटे करणे परवडत नाही. थर्माकोल इतका हलका, की त्याचे वाहतूकभाडेही निघत नाही. खाडीत येऊन पडतात त्या नेमक्या याच वस्तू. शिल्पात त्या ओळखू आल्या पाहिजेत, जसा आजीच्या गोधडीत जुन्या लुगड्याचा काठ ओळखू येतो. जाड रंग फासला की बगळा सुबक दिसतो, पण चप्पल दिसेनाशी होते.

शाळांनी हा उपक्रम हाती घेतल्यास पहिली अडचण वर्गीकरणाची येईल. खरकट्याने माखलेले वेष्टन कोणत्याही शिल्पाला चालत नाही. ओला, सुका व घातक कचरा घरीच वेगळा करण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी घातले. त्याचे कारण मुलांना वेष्टन धुऊन वाळवताना सहज उमगेल. फुटक्या ट्यूबलाइट, बॅटऱ्या व सुया यांना मात्र त्यांनी हात लावू नये.

उन्हात प्लॅस्टिक ठिसूळ होते, त्याचा चुरा पावसाबरोबर खाडीत उतरतो. तेव्हा असे शिल्प मृगापूर्वी उतरवावे. शेजारच्या फलकावर त्यातील सामान कोठून वेचले व त्याचे वजन किती, हे लिहावे, आणि शिल्प उतरवल्यावर तेवढेच सामान मोजून पालिकेच्या सुक्या कचऱ्याच्या गाडीत द्यावे.