गवतात पिवळे ठिगळ पडते तेव्हा

घरामागच्या मारवेल गवतात ताटलीएवढे पिवळे ठिगळ पडले, की पुष्कळ जण रोग समजून औषध मारतात. एका बंधूंनी तर वर युरिया फेकला. ठिगळ दुप्पट झाले! ऐन उन्हाळ्यात हिरव्या चाऱ्याचे नुकसान झाले ते वेगळेच.

आधी गवत ओढून पाहा. मुळे कुरतडलेली असून गवत अलगद हातात आले, तर हुमणी समजा. मुळे घट्ट आणि ठिगळाच्या कडेचे गवत जास्तच हिरवेगार, तर ते बहुधा कुत्र्याच्या मुताचे काम. मुतात युरिया असतो. कडेला थोडा पोचतो, त्याचे खत होते. मध्ये जास्त होतो, तिथे गवत करपते. गोमूत्र फवारताना आपण पाणी घालतो, ते याचसाठी.

जागा ताजी असेल तर लगेच बादलीभर पाणी सावकाश ओता. गवत वाळलेच असेल तर ते उपटून वरची माती खरवडून काढा, भरपूर पाणी द्या. वाफसा आल्यावर नवी माती व कुजलेले शेणखत घालून शेजारचेच मुळासकट ठोंब लावा. चुना, मीठ टाकू नका. ठोंब जीव धरेपर्यंत तिथे विळा लावू नका, आणि कुत्रे घरचे असेल तर दुसरीकडे बांधा.