बंदिवान राज्याचे, भार नगराचा



कॅलिफोर्निया हे अमेरिकेतील संपन्न राज्य. तेथील तुरुंग सुमारे ८०,००० बंदिवानांसाठी बांधलेले. पण कोंबले होते जवळजवळ दुप्पट. उपचारांअभावी माणसे मरत होती. मे २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही गर्दी घटविण्याचा आदेश कायम केला. राज्याने आदल्याच महिन्यात केलेला नवा कायदा १ ऑक्टोबर २०११ पासून अमलात आला. सौम्य, अहिंसक गुन्ह्यांतील दोषींची कैद आणि सुटकेनंतरची देखरेख राज्याकडून काउंटीकडे, म्हणजे जिल्हा प्रशासनाकडे गेली.

कागदावर हे विकेंद्रीकरण निर्दोष भासते. परंतु राज्याचा निधी गेला प्रामुख्याने काउंटीकडे, आणि सुटलेला माणूस राहावयास आला शहरात. शहराचे पोलीस दल तर नगराच्या तिजोरीवर पोसले जाते. देखरेख अधिकारी पत्ता पडताळावयास वा झडती घ्यावयास निघाला की सोबतीला नगर-पोलीस हवेत. लॉस एंजेलिसने या कामाकडे १५० पोलीस वळविण्याचे ठरविले. जो शिपाई पाळतीवर गेला, तो गस्तीवर उरत नाही, हा साधा हिशेब आहे.

पुढे २०१३ मधील एका अभ्यासात हिंसक गुन्हे वाढल्याचे दिसले नाही. वाहनचोऱ्या मात्र वाढल्या. भाकिते केली गेली तसा प्रलय आला नाही, पण सामान्य नागरिकाला झळ बसलीच.

बंदिवानास माणुसकीने वागविणे हे राज्याचे कर्तव्यच. मात्र जबाबदारी खाली सोपविताना पैसा, मनुष्यबळ आणि माहितीही शेवटच्या चौकीपर्यंत पोहोचली पाहिजे. अन्यथा ते विकेंद्रीकरण नव्हे, केवळ ओझे ढकलणे होय.