मेळावा उठतो, शब्द मागे राहिले पाहिजेत

(मस्तगड, जालना येथे जिल्हा मेळाव्याच्या तयारीसाठी जमलेल्या कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



मंडप कोण घालणार, भाकरी कुठल्या गावातून येणार, पाहुण्यांना आणायला गाडी कुणाची, ही कामे मघाशी वाटून झाली. हात भराभर वर आले. मग आम्ही विचारले, भाषणे लिहून कोण घेणार? तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. म्हणून आज याच कामाबद्दल बोलायचे आहे.

ही मस्तगडाची गढी काबिलखानाने बांधली. ती कधी बांधली हे आतल्या फारसी शिलालेखात कोरलेले आहे, म्हणून तीनशे वर्षांनीही सांगता येते. आपल्या मेळाव्यातले बोलणे मात्र तीन दिवस टिकत नाही.

याचा फटका आम्ही स्वतः खाल्ला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याच एका मेळाव्यात कपाशीच्या फवारणीवर भाषण झाले. वक्त्याने नीट सांगितले होते : औषधाची मात्रा १० लिटर पाण्याला एवढी, ही साध्या पंपासाठी, पॉवर पंपाला पाणी कमी लागते, त्यासाठी तिप्पट. मागे बसलेल्या एका शेतकऱ्याच्या कानात तेवढे ‘तिप्पट’ राहिले. घरी पंप साधाच होता. आठवड्याने तो करपलेली पऱ्हाटी दाखवायला आम्हाला शेतात घेऊन गेला. आम्ही भाषणाची नोंद शोधली, तर ती नव्हतीच. मोबाईलवर ध्वनिमुद्रण लावले होते, पण मध्येच कुणाचा तरी फोन आला आणि ते बंद पडले. आम्ही शेतीची पदवी घेतलेली माणसे गळ्यात हार घालून व्यासपीठावर बसलो होतो. हातात साधी वही घेतली नव्हती. दोष त्या शेतकऱ्याचा नव्हता.

फवारणी हा खेळ नव्हे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. म्हणून आकडा, त्याचे माप आणि त्याची अट ही तिन्ही कागदावर आली पाहिजेत. गुलाबी बोंडअळीचेच घ्या. कामगंध सापळ्यात एका रात्रीत ८ पतंग आणि तेही सलग ३ रात्री सापडले, तर उपाय करायचा. एखाद्याने नुसते ‘८ पतंग’ लिहून नेले, तर तो पहिल्याच सकाळी औषधाच्या दुकानात जाईल आणि पैसे फुकट घालवील.

तेव्हा कामे अशी वाटू.

सूत्रसंचालन एकाने करावे. त्याने वक्त्याची ओळख दोन वाक्यांत आटोपावी आणि स्वतःचे भाषण करू नये. दुसरा वेळ पाहील. भाषण अर्धा तास, प्रश्न अर्धा तास. पाच मिनिटे उरली की वक्त्यापुढे चिठ्ठी ठेवायची, मग वक्ता कितीही मोठा असो. आपल्याकडे भाषणे लांबतात आणि प्रश्नांची वेळ आली की एस.टी.ची वेळ होते.

ध्वनिमुद्रणाला दोघे, दोन मोबाईल. दोन्ही आदल्या रात्री भरून ठेवायचे, फोन येणार नाही अशी व्यवस्था करायची, एक वक्त्याच्या पुढ्यात आणि दुसरा कर्ण्याजवळ ठेवायचा. सुरुवातीला अर्धा मिनीट बोलून, लगेच ऐकून पाहायचे. वारा असेल तर मोबाईलवर रुमाल टाकायचा. वक्त्याची परवानगी आधी घ्यायची. आणि एखादा शेतकरी सावकाराचे किंवा घरातले दुखणे सांगू लागला, तर न विचारता यंत्र बंद करायचे.

यंत्रावर सगळा भार टाकू नका. वही घेऊन दोघे बसतील. एक भाषणातले आकडे आणि शिफारशी लिहील, दुसरा प्रश्न आणि उत्तरे. अधिकाऱ्याने काही कबूल केले तर काय, किती दिवसांत, हे त्याच्याच शब्दांत लिहायचे आणि तिथेच त्याला वाचून दाखवायचे. नाहीतर पुढच्या वर्षी तो म्हणेल, मी असे बोललोच नाही. आणि आपल्यापाशी कागद नसेल.

एक जागा बायकांमध्ये बसणाऱ्या बहिणीची. कापूस वेचताना किडके बोंड पहिल्यांदा बाईच्या हाताला लागते, पण भरल्या मंडपात उभी राहून ती बोलत नाही. तिचा प्रश्न लिहून घेऊन, वाटल्यास नाव न सांगता, माईकवर वाचला पाहिजे. बायकांकडे फक्त चहाचे काम द्यायचे, ही आपली जुनी खोड आता सोडू.

हे काम दुय्यम समजू नका. आंबेठाणच्या शिबिरांत शरद जोशी बोलत. ती मांडणी सुरेशचंद्र म्हात्रे यांच्यासारख्यांनी कागदावर उतरवली, म्हणून ती गावोगाव पोचली. २०१५ साली जोशी गेले, तरी त्यांचे म्हणणे आज वाचता येते, त्यावर भांडताही येते. आपल्या जवळचेच पाहायचे तर खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने महिन्याच्या ५ तारखेला चर्चासत्र भरवण्याची रीत पाडली. तारीख ठरलेली असली की आमंत्रणाची वाट पाहावी लागत नाही. आपणही नोंदीची तारीख तशीच ठरवू : मेळाव्यानंतर आठ दिवसांत टिपण तयार, वक्त्याने तपासून दिलेले. पंधराव्या दिवशी ते प्रत्येक गावी पोचेल आणि पारावर मोठ्याने वाचले जाईल. ज्याला वाचता येत नाही त्याचाही त्यावर हक्क आहे. ज्वारी काढणीला आल्यामुळे ज्याला मेळाव्याला येता आले नाही, त्याचा तर जास्तच.

हिशेब केला तर नऊ माणसे लागतात : सूत्रसंचालनाला एक, वेळेला एक, मोबाईलला दोन, वहीला दोन, बायकांमध्ये एक, माईक फिरवायला एक, आणि शेवटी सगळे जुळवून टिपण करणारा एक. हा शेवटचा माणूस आम्हीच देऊ, ती आमच्या चुकीची भरपाई समजा. उरली आठ नावे. वही इथे टेबलावर उघडी ठेवली आहे. लिहिल्याशिवाय कुणी उठू नका.