परदेशी व्यापारी आणि इथला दलाल

केळवे-माहीमच्या बागायतदारांची विड्याची पानं दूरदूरच्या बाजारांत जातात. समजा, परदेशातल्या व्यापाऱ्यासाठी इथल्या दलालानं माल उचलला आणि पैसे थकले, तर जबाबदार कोण? एरवी दलाल स्वतः देणं लागत नाही. पण १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम २३० सांगतं, की मूळ व्यापारी परदेशी असेल किंवा त्याचं नाव उघड केलेलं नसेल, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास दलालच जबाबदार धरला जातो. मात्र माल विकणारा कायद्यानं ‘ग्राहक’ ठरत नाही. त्यामुळे थकबाकीसाठी ग्राहक आयोगाकडे नव्हे, दिवाणी न्यायालयात दाद मागावी लागते, तीही साधारणपणे ३ वर्षांच्या आत. म्हणून बागायतदार मित्रहो, माल देण्याआधी लेखी करार करा, दलालाची सही घ्या आणि पावत्या जपून ठेवा.